विज्ञानातला फिरता निधी

रोवणी आटोपली. वाकून वाकून कंबर गेली, पायांना चिखल्या झाल्या, पण निंदणापर्यंत जरा श्वास घ्यायला जागा आहे. म्हणून आज बियाणं, भाव आणि हप्ते बाजूला ठेवून एक वेगळा विषय घेतो आहोत. तरुण शास्त्रज्ञांना मिळणारे पुरस्कार, आणि तेही प्रजननशास्त्रातले. विषय लांबचा वाटेल. पण तो आमच्यापर्यंत आला गटाच्या वहीतून, कर्जमागणीच्या रकान्यातून.

रोवणीच्या आधी लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते आले, सह्या झाल्या. मग कर्जमागणी निघाली. एकीला बकऱ्या घ्यायच्या होत्या, एकीला मोटार दुरुस्त करायची होती. तिसरी ताई म्हणाली, "मला २५ हजार पाहिजेत. पोरीच्या नागपूरच्या खोलीसाठी आणि परीक्षेच्या शिकवणीसाठी." पोरगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. आता तिला संशोधनाच्या परीक्षेला बसायचं आहे.

लगेच प्रश्न सुरू झाले. "साकोलीकडचं स्थळ आलं होतं ना?" "अजून पाच-सहा वर्षं शिकणार, मग कमावणार कधी?" एका काकूंनी विचारलं, "पण शिकते काय जी ते?" आई जरा लाजत म्हणाली, "बाईच्या पिशवीचं शिकतो म्हणते." सगळ्या हसल्या. कोणी तरी बोललं, "त्यात शिकाचं काय? दुखली का काढून टाकाची!" पुन्हा हशा झाला, पण तो लवकर विरला. कारण बसलेल्यांपैकी काही जणींची पिशवी चाळिशीच्या आतच काढून झालेली आहे, आणि ती का काढली हे त्यांना आजही नीट सांगता येत नाही.

मुलगी तिथंच दाराशी उभी होती. ती म्हणाली, "काकू, ती काढायची वेळ का येते, तेच मला शिकायचं आहे." आणि पुढे म्हणाली की या विषयात चांगलं काम करणाऱ्या तरुण संशोधकांना पुरस्कार असतात, पण त्यांना वयाची अट असते, म्हणून थांबून चालत नाही. काकू म्हणाल्या, "बक्षिसासाठी शिकाचं का मंग? शाळेत धावाचं बक्षीस राहते तसं?"

आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. माहिती काढून पुढच्या बैठकीत सांगू असं वहीत लिहिलं आणि कर्जाचा निर्णय राखून ठेवला. जी माहिती काढली, ती आज तुम्हा सगळ्यांना सांगतो आहोत.

आधी प्रजननशास्त्र म्हणजे काय ते पाहू. बांधीत टाकलेलं बी उगवलं नाही तर आपण बी तपासतो, माती पाहतो, पाणी किती होतं ते आठवतो. घरात पाळणा हलला नाही तर मात्र काहीच न तपासता बाईकडे बोट जातं. प्रजननशास्त्र तपासायचं काम करतं. पाळी कशी येते, का चुकते, गर्भ कसा रुजतो, का टिकत नाही, पुरुषाच्या बीजात काय कमी असू शकतं, हे सगळं त्यात येतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, हे आज डॉक्टर सहज सांगतात. ते कोणी तरी वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शोधलं, म्हणून सांगता येतं.

अजून एक गोष्ट ऐका. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात १० ते २० लाख बीजं असतात. त्यातली आयुष्यभरात पिकतात फार तर चारशे-पाचशे. म्हणजे आपण ज्या बीजापासून झालो, ते आपली आई आपल्या आजीच्या पोटात होती तेव्हाच तयार झालं होतं. आमच्या बैठकीतल्या आजींना हे इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. पण लाखांतली नेमकी कोणती बीजं पिकायची हे कसं ठरतं, याचा शोध अजून चालू आहे.

आणि पाळीतलं दुखणं? पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो, असा एक आजार आहे. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाळीच्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला तो असतो. त्रास कमी करता येतो, पण मुळापासून बरं करणारं औषध अजून निघालेलं नाही. "पाळीत पोट दुखणारच" असं म्हणून आपण ज्या मुलीला गप्प बसवतो, तिला हाच आजार असू शकतो. इतक्या बायांचं दुखणं आणि अजून पक्कं औषध नाही. या विषयात माणसं आणि पैसा दोन्ही का पाहिजेत, ते यावरून कळतं.

आता पुरस्काराकडे येऊ. धावण्याच्या बक्षिसापेक्षा आपल्याला माहीत असलेलं एक उदाहरण जास्त बरोबर बसतं. नवा गट सुरू होतो तेव्हा बँक त्याला ओळखत नाही. बाया नियमित बसतात, बचत करतात, वही चोख ठेवतात, पण हातात भांडवल नसतं. मग गटाची दशसूत्री पाहून पहिला फिरता निधी येतो. रक्कम मोठी नसते. पण ती आली की बँकेचा साहेब खुर्ची देतो. पुढचं मोठं कर्ज त्या पहिल्या विश्वासावर मिळतं.

तरुण शास्त्रज्ञाचं तसंच असतं. पीएच.डी. झाली, डोक्यात नवा प्रश्न आहे, पण स्वतःची प्रयोगशाळा नाही, नाव नाही. अशा वेळी मोठ्या जाणकारांनी तिची वही तपासून "हे काम खरं आहे" असं म्हटलं, की पुढचं अनुदान, जागा आणि मदतनीस मिळणं सोपं होतं. तरुणपणी दिलेला पुरस्कार म्हणजे विज्ञानातला फिरता निधी.

असे पुरस्कार आपल्या देशात आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, हिचा शकुंतला अमीरचंद पुरस्कार ४० वर्षांच्या आतल्या संशोधकांना दिला जात असे. १९५८ पासून दिलं गेलेलं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक ४५ वर्षांच्या आतल्यांसाठी. २०२४ पासून ते राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत 'विज्ञान युवा' या नावाने सामील झालं आहे. प्रजनन आणि जननक्षमता यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची एक देशपातळीवरची संघटना आहे, तीही आपल्या परिषदांत तरुणांच्या कामाला पारितोषिकं देते. आणि या विषयावरची आयसीएमआरची मोठी संस्था आपल्याच राज्यात, मुंबईत परळला आहे. १९७० पासून ती प्रजनन संशोधन संस्था म्हणून काम करते. आज तिच्या नावात प्रजनन आणि बाल आरोग्य असे दोन्ही शब्द आहेत.

हा विश्वास वेळेवर मिळाला नाही तर काय होतं, ते सांगणाऱ्या दोन गोष्टी आहेत.

पहिली कोलकात्याची. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्यानंतर ६७ दिवसांनी नव्हे, फार तर सत्तर दिवसांतच, ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात तसंच एक बाळ जन्मलं, असं म्हणावं इतकं ते अंतर थोडं होतं. ते काम डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दोन सहकाऱ्यांसोबत अगदी साध्या साधनांनी केलं होतं. गर्भ गोठवून ठेवून नंतर तो पिशवीत सोडण्याची त्यांची पद्धत होती, आणि गर्भ गोठवणं आज जगभर नेहमीचं झालं आहे. पण तेव्हा राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. परदेशात जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही. बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी आपलं जीवन संपवलं.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूचं ते यश होतं. देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिची नोंद झाली, कौतुक झालं. मग १९९७ मध्ये आनंद कुमारांच्या हाती मुखोपाध्यायांची जुनी टिपणं आली. त्यांनी ती बारकाईने वाचली. आणि स्वतः लेख लिहून जाहीर केलं की देशातलं पहिलं काम मुखोपाध्यायांचं आहे. म्हणजे आपल्या नावापुढचा 'पहिला' हा शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने काढून दुसऱ्याला दिला. गटाची वही लिहिणाऱ्या बायांना याचं मोल कळेल. नोंद खरी असेल तर ती मान्य करावी लागते, मग ती कोणाच्याही हातची असो. पण ज्याची नोंद होती तो माणूस ते ऐकायला उरला नव्हता.

दुसरी गोष्ट त्या इंग्लंडच्या बाळाची. पुस्तकांत दोन पुरुषांची नावं असतात, रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो. तिसरी होती जीन पर्डी. शिक्षणाने परिचारिका. १९६८ मध्ये तेविसाव्या वर्षी ती एडवर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत आली आणि गर्भ सांभाळायचं काम शिकत शिकत त्यातली जाणकार झाली. रुग्णालयाने या यशाची पाटी लावली तेव्हा एडवर्ड्स यांनी लिहून कळवलं होतं की पर्डीचं नाव घाला. ते घातलं गेलं नाही. १९८५ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी ती कर्करोगाने गेली. एडवर्ड्स यांना नोबेल मिळालं २०१० मध्ये, बाळ जन्मल्यावर ३२ वर्षांनी. स्टेप्टोही तोवर गेले होते, आणि गेलेल्या माणसाला नोबेल देत नाहीत. पर्डीचं नाव असलेली पाटी लागली ती २०१५ मध्ये. मोठी बक्षिसं म्हातारपणी येतात. मदतीची गरज असते तरुणपणी. तेव्हा नाव पुसलं गेलं, की ते परत लिहायला दुसऱ्या कोणाला तरी झगडावं लागतं.

आता आपल्या बाजूचं उदाहरण. फार लांब नाही, गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग या चंद्रपूरच्या लेक. नागपूरला शिकून स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या, अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकल्या आणि डॉ. अभय बंग यांच्यासोबत १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. तेव्हा सरकारदरबारी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन, एवढंच होतं. मधल्या सगळ्या आयुष्यात तिला काय होतं, हे कोणी मोजलंच नव्हतं. राणीताईंनी ते मोजायचं ठरवलं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायांची तपासणी झाली. त्रास असलेल्या आणि त्रास नाही म्हणणाऱ्या, दोन्ही.

निघालं ते असं. शंभरातल्या ९२ बायांना एक ना एक स्त्रीरोग होता. आणि आधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. हा निबंध जानेवारी १९८९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यावर पहिलं नाव राणीताईंचं होतं आणि तेव्हा त्या चाळिशीच्या आतच होत्या. जगभरातल्या डॉक्टरांना, सरकारांना कळलं की गरीब देशातल्या बाईचं दुखणं बाळंतपणापुरतं नसतं. महाराष्ट्र भूषण पुरस्कार बंग दांपत्याला मिळाला २००३ मध्ये, पद्मश्री २०१८ मध्ये. काम मात्र तरुणपणी, कंदील घेऊन चालावं तसं आधी झालं होतं.

आम्हाला यात सगळ्यात मोठी वाटते ती त्या ६५० बायांची गोष्ट. अंगावरून पांढरं जातं, हे सख्ख्या बहिणीलाही न सांगणाऱ्या आपण. त्या बाया तपासणीच्या टेबलावर चढल्या, रक्त दिलं, उत्तरं दिली. त्यांची नावं कुठल्या निबंधावर नाहीत, कुठल्या मानपत्रावर नाहीत. पण त्यांनी होकार दिला नसता तर ९२ हा आकडा जगाला कळला नसता. बाईच्या शरीराच्या संशोधनाला मिळालेल्या कुठल्याही पुरस्काराच्या मागे अशा बाया उभ्या असतात.

आणि प्रश्न विचारणारीही बाईच होती, बोली समजणारी होती, म्हणून बाया बोलल्या. आपल्या भागातल्या सिकलसेल असलेल्या मुलीचं बाळंतपण सुखरूप कसं करायचं, महिनाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या गरोदर बाईच्या अंगावर त्याचा काय परिणाम होतो, हे प्रश्न मोठ्या शहरातल्या माणसाला सुचतीलच असं नाही. वैनगंगेकाठच्या मुलीला ते सुचतील, कारण तिने आपल्या आईला त्याच चिखलात पाहिलं आहे.

आता वयाचा हिशेब मांडू. बी.एस्सी. होते २१ व्या वर्षी, एम.एस्सी. २३ व्या. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरली तर २९ उजाडतं. स्वतःचं काम उभं करायला अजून चार-पाच वर्षं. ४० ची अट असली तर हातात राहतात सहा-सात वर्षं, अट त्याहून कमी असली तर एक-दोन. आणि आपल्याकडे मुलीचं लग्न, पहिलं बाळंतपण, दुसरं बाळंतपण कधी? याच वर्षांत. ज्या विषयात गर्भाचा अभ्यास होतो, त्याच विषयात स्वतः आई झालेली बाई मागे पडते. मुलाचंही लग्न होतं, तोही बाप होतो, पण त्याचं प्रयोगशाळेत जाणं सहसा थांबत नाही.

भटनागर पारितोषिक मिळालेली पहिली स्त्री रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी, वर्ष १९६१. त्यानंतर साठ वर्षांनी, २०२१ च्या यादीत ११ नावं होती आणि सगळी पुरुषांची. यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. युरोपातली एक मोठी संशोधन परिषद तरुणांना अनुदान देताना आई झालेल्या बाईला दर मुलामागे दीड वर्षाची सूट देते. म्हणजे बाळंतपणाची वर्षं हिशेबातून वगळायची. आपल्याकडेही घरच्या जबाबदारीमुळे काम सुटलेल्या स्त्रियांना परत संशोधनात आणण्यासाठी केंद्राच्या विज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे. तीच सूट सगळ्याच पुरस्कारांच्या नियमांत लिहिली जावी, असं आम्हाला वाटतं. गटात बाळंतीण झालेल्या ताईचा हप्ता आपण पुढे ढकलतो, तिला गटातून काढत नाही. एवढं शहाणपण आपल्या वहीत आहे, ते तिकडेही यायला हरकत नाही.

"कमावणार कधी?" या प्रश्नाचंही उत्तर आणलं आहे. संशोधन करणाऱ्या मुलीला फुकट राबावं लागत नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ मिळाली, तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात, तेही पहिली दोन वर्षं, पुढे ते ४२ हजार होतात. वयाची अट आहे, पण मुलींना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. पीएच.डी.साठी राज्याच्याही शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी पुण्याची बार्टी, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. आणि शाळेत शिकणाऱ्या लहान मुलींसाठी 'इन्स्पायर-मानक' आहे. शाळेमार्फत आपली नवी कल्पना पाठवायची, ती निवडली गेली तर मॉडेल करायला १० हजार रुपये मिळतात. मुख्याध्यापकांना विचारा, आमच्या शाळेतून यंदा किती कल्पना पाठवल्या म्हणून. विचारणारं कोणी असलं की पाठवल्या जातात.

एक शेवटची गोष्ट, आपल्या सगळ्यांच्या कामाची. उद्या तुमच्या दारात कोणी संशोधक आलं, रक्ताचा नमुना मागितला, पाळीबद्दल विचारलं, तर घाबरून दार लावू नका. पण डोळे मिटून सहीही करू नका. संमतीपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. नाही म्हणायचा आपला हक्क आहे, मधूनच सोडून द्यायचाही आहे, आणि नाही म्हटलं म्हणून दवाखान्यातला उपचार कोणी थांबवू शकत नाही. रक्ताचं काय करणार, माझं नाव गुप्त राहील का, तपासणीत काही निघालं तर मला सांगणार का, उपचार कुठे होईल, हे सगळं विचारा. चांगला संशोधक या प्रश्नांनी रागावत नाही.

तर पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं. दोन तास लागले. कोणी उठलं नाही, असं म्हणणार नाही, दोघी दूध काढायला गेल्या आणि परत आल्या. मग कर्जाचा विषय निघाला. स्थळाचं काय, असं पुन्हा विचारलं गेलं. आई म्हणाली, "त्यांना सांगतलं, थांबत असन तर थांबा. नाही त पोरगी अशीच चांगली आहे." २५ हजार मंजूर झाले, २० महिन्यांचे हप्ते, आई दूध घालून भरणार. पिशवीवरून हसलेल्या काकूंनी हात वर केला. एका ताईने शेवटपर्यंत केला नाही. तिचं म्हणणं, पोरीला नाही मिळाली ती शिष्यवृत्ती तर? प्रश्न बरोबर आहे. परीक्षा अवघड आहे, पुरस्कार तर फार पुढची गोष्ट. बकऱ्याही मरतात, तरी आपण बकऱ्यांना कर्ज देतो, असं त्यावर दुसरीने म्हटलं, आणि तेही बरोबर आहे. दोन्ही म्हणणी वहीत लिहून ठेवली आहेत.

बैठक उठल्यावर एक ताई मागे थांबली. चपला शोधत असल्याचं दाखवत होती. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली की तीन वर्षांपासून तिला त्रास आहे, कोणाला सांगितलं नाही, गावातला एक जण पिशवी काढून टाक म्हणतो. आशाताई तिला घेऊन मंगळवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात जाणार आहेत. आधी तपासणी, मग काय ते ठरेल.

तुमच्याही गटात अशी कोणी चपला शोधत थांबत असेल. तिच्यासोबत जरा थांबा. आणि कर्जमागणीच्या रकान्यात एखाद्या पोरीची परीक्षा लिहून आली, तर ती बकऱ्यांच्या खाली नका ठेवू.